बदकापेक्षा माणूस सोपा

ज्वारी हुरड्याला आली की आपला शेतकरी शेतात एक खोटा माणूस उभा करतो. दोन काठ्यांची फुली, तिच्यावर घरातल्या कर्त्या पुरुषाचा विटका सदरा, डोक्याच्या जागी पालथं मडकं आणि मडक्यावर चुन्याने काढलेले डोळे. याला पाहून पाखरांनी पळावं अशी अपेक्षा असते. पाखरं पहिले दोन दिवस पळतात, तिसऱ्या दिवशी त्याच मडक्यावर बसून कुठलं कणीस आधी फोडायचं ते ठरवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेमका उलटा उद्योग चालत आला आहे. तिथे खऱ्या माणसाने लव्हाळ्यात दडून बसायचं आणि पाखरांनी जवळ यावं म्हणून पाण्यात खोटी पाखरं सोडायची. लाकडाची, रंगवलेली, पोटाखाली शिसं ठोकलेली. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं, खाली आपली मंडळी निवांत बसली आहेत म्हणजे खाण्यापिण्याची सोय बरी असणार. थवा उतरतो आणि बार निघतो. या खोट्या पाखराला तिकडे डिकॉय म्हणतात.

आपल्या बुजगावण्याचा आजवर कुणी लिलाव पुकारलेला नाही. डिकॉयचं नशीब थोर. २००७ साली एल्मर क्रोवेल या मॅसॅच्युसेट्सच्या कारागिराची दोन लाकडी पाखरं विकली गेली. एक कॅनडा गूज आणि एक पिनटेल, म्हणजे आपल्या जलाशयांवर हिवाळ्यात उतरतं ते तलवार बदक, मान मागे वळवून पिसं साफ करत असलेलं. किंमत प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलर. तेव्हाच्या दराने साडेचार कोटी रुपयांच्या घरात. एका बदकाला. आणि ते बदकही नर, त्यामुळे अंड्याची आशा मुळातच नाही.

आता बदकाला विचाराल तर त्याची अपेक्षा अगदी माफक असते. आकार साधारण आपल्यासारखा असावा, काळं-पांढरं जिथल्या तिथे असावं आणि रंगाला चकाकी नसावी, कारण ओलं लाकूड उन्हात चमकलं की थवा वाट बदलतो. पापणी, नाकपुडी, पिसाची कडा यांची चौकशी करायला बदकाला सवड नसते. ते ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने येत असतं. टेक्सासच्या भातशेतांतल्या शिकाऱ्यांनी तर लाकूड तासण्याचेही कष्ट घेतले नाहीत. पांढऱ्या स्नो गूजना फसवायला त्यांनी शेतभर चिंध्या, जुनी वर्तमानपत्रं, टेबलावर घालायची पांढरी कापडं आणि तान्ह्या मुलांचे लंगोट पसरले. आर्क्टिकपासून हजारो मैल वाट न चुकता आलेले पक्षी त्या धुण्याशेजारी विश्वासाने उतरले.

ही युक्ती काही बंदूकवाल्यांनी काढलेली नाही. १९२४ साली नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत उत्खनन चालू असताना एक खड्डा सापडला. त्या खड्ड्याला खोटा तळ होता आणि तळाखाली ११ बदकं नीट बांधून ठेवली होती. लव्हाळं वळून केलेली, रंग दिलेली, काहींच्या अंगावर खरी पांढरी पिसं खोचलेली. वय सुमारे दोन हजार वर्षं. जातसुद्धा ओळखू येते, कॅनव्हासबॅक. म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं त्या सुमारास तिकडे कुणी गृहस्थ हंगाम संपल्यावर खोटी बदकं खोट्या तळाखाली लपवत होता. बदकांना फसवून त्याचं भागलेलं नसावं, शेजाऱ्यांनाही फसवायचं होतं. १९९५ मध्ये नेवाडाने या लव्हाळी बदकाला राज्याची अधिकृत प्राचीन वस्तू म्हणून मान दिला. आपण शेकरूला राज्यप्राणी आणि हरियालला राज्यपक्षी केलं. दोघे बापडे खरे आहेत.

लाकडी बदकांचा खरा जोर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि त्याचं कारण पोटातलं. मेरीलँडमध्ये सस्केहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथल्या उथळ पाण्यात वाइल्ड सेलरी नावाचं पाणगवत वाढायचं. ते खाऊन कॅनव्हासबॅक असं काही चविष्ट व्हायचं, की मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना त्याशिवाय मेजवानी सुचेना. बदकं पिंपांत भरून आगगाडीने बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कला जाऊ लागली. धंदाच झाल्यावर एकेक बदक मारून परवडणार कसं? म्हणून सिंकबॉक्स निघाला. ही एक शवपेटीच्या मापाची लाकडी पेटी. तिच्या चारी बाजूंना तरंगते पंख, त्यांवर ओतीव लोखंडाची बदकं ठेवून पेटी पाण्यात दाबायची, इतकी की तिचे काठ पाण्याच्या पातळीला यावेत. पेटीत शिकाऱ्याने उताणं पडायचं. भोवती शेकडो लाकडी बदकं. डिसेंबरचा महिना, हाडं गोठवणारा वारा, लाट आली तर ती थेट गळपट्ट्यात. इतकं सोसून माणूस तिथे आकाशाकडे बघत पडायचा आणि फसणारं कोण, तर म्हणे बदक!

या शेकडो बदकांचा पुरवठा करणारी मंडळी हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग आहे, कारण त्यांतली बरीचशी दुसऱ्याच कुठल्यातरी कामावर पोट भरत होती. मेन राज्यातला गस विल्सन दीपगृह सांभाळायचा. रात्री जहाजांना खरी वाट दाखवायची आणि दिवसा बदकांना चुकवायचं लाकूड कोरायचं. कनेटिकटचा शँग व्हीलर कालवांच्या कंपनीत व्यवस्थापक होता, व्यंगचित्रं काढायचा आणि राज्याच्या विधिमंडळात निवडूनही गेला होता. १९२३ साली लाँग आयलंडवरच्या बेलपोर्टला डिकॉयचं प्रदर्शन भरलं, तिथे त्याने पहिलं बक्षीस नेलं. त्याने आपली बदकं कधी विकली नाहीत, लोकांना देऊन टाकली. लोकप्रतिनिधीने फसव्या वस्तू वाटल्या, त्या पाहणाऱ्याला फसव्या आहेत हे सांगून वाटल्या आणि वर फुकट वाटल्या, असं उदाहरण इतिहासात विरळा.

मेरीलँडमधल्याच क्रिसफील्ड गावचे वॉर्ड बंधू, स्टीव्ह आणि लेम, हे न्हावी. वडीलही न्हावी आणि बदकं कोरणारे. शिक्षण बेताचं, चित्रकलेचं तर अजिबात नाही. गिऱ्हाईक असलं की दाढी, नसलं की बदक. आपल्या दुकानाची ओळख त्यांनी ‘लाकडातले बनावट पाणपक्षी बनवणारे’ अशी करून दिली होती. स्वतःच्या धंद्याला पाटीवर बनावट म्हणणारे दुकानदार मी दुसरे ऐकलेले नाहीत. आमच्याकडे ‘शुद्ध तुपातील’ असं लिहिलेलं असतं. पुढे १९८३ साली लेम वॉर्डला अमेरिकेचा लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्याने कुणाची हजामत कशी केली होती याची नोंद मात्र कुठल्याही संग्रहालयात नाही.

आणि मॅडिसन मिचेल. सस्केहानाच्या मुखावरच्या हाव्हर डी ग्रेस गावात याचा अंत्यविधीचा व्यवसाय होता आणि त्याच आवारात बदकांची कार्यशाळा. व्यवसाय म्हणून पाहिलं तर जोडी उत्तम जमली होती. रंग वाळायला वेळ लागतो आणि पलीकडच्या खोलीतलं गिऱ्हाईक घाई करत नाही. त्या गावातला माणूस आज ना उद्या मिचेलच्या दारात यायचाच. काही जण आपल्या पायांनी येऊन डझनभर बदकं घेऊन जायचे, बाकीच्यांना आणावं लागायचं. मिचेलची ती कार्यशाळा आता गावातल्या डिकॉय म्युझियममध्ये नेऊन ठेवली आहे.

कोरण्याचं काम ऐकायला सोपं वाटतं. पांढऱ्या सीडरचा ठोकळा घ्यायचा. हे लाकूड हलकं, पाण्याला टिकणारं. कुऱ्हाडीने ढोबळ अंडाकृती काढायची. मग दोन्ही टोकांना मुठी असलेलं पातं छातीकडे ओढत पाठीचा उतार आणायचा. जर्सीच्या किनाऱ्यावरचे कारागीर धड दोन अर्ध्या भागांत करून आतून पोकळ करायचे, कारण बदकांचा ढीग वाहून न्यायचा म्हटला की कलेपेक्षा कंबर महत्त्वाची. डोकं वेगळं, बहुधा पाइनचं. डोळ्याच्या जागी ऐपतीप्रमाणे काच, चूक किंवा नुसता रंगाचा ठिपका. डेट्रॉइटचं नाव मोटारींनी गाजण्याआधीपासून तिथे मेसन कंपनी लेथवर बदकं काढायची आणि त्यांच्या प्रती डोळ्यांवरून ठरायच्या: काचडोळे महाग, चूकडोळे स्वस्त, रंगडोळे त्याहून स्वस्त. पाठीवरची बारीक लहरदार नक्षी उमटवायला रंग ओला असतानाच त्यावरून कंगवा फिरवायचा. न्हावी या धंद्यात का रमले असतील याचा थोडा उलगडा इथे होतो.

शेवटी पोटाखाली पट्टी मारून तिच्यात शिसं भरायचं आणि परीक्षा घ्यायची. परीक्षा एकच. बदक पाण्यात उलटं फेकायचं. ते आपसूक गिरकी घेऊन सुलटं झालं पाहिजे. पोट वर करून तरंगणाऱ्या बदकाकडे बघून कुठलाही थवा खाली उतरत नाही, एवढी अक्कल त्यालाही आहे.

चेहरा हा आणखी एक नाजूक मुद्दा. मान ताठ आणि डोकं उंच केलेलं बदक म्हणजे काहीतरी धोका ओळखलेलं बदक. असं एक जरी ठेवलं तरी वरचे सावध होतात. म्हणून डिकॉयची मान आखूड, गाल फुगलेले, चोच छातीत रुतलेली. काही चोच पाठीत खुपसून झोपलेली. सगळी जेवण झालेली आणि कर्ज फिटलेली दिसली पाहिजेत. तेवढ्याने भागलं नाही तर शिकारी थोड्या अंतरावर एक लाकडी बगळा किंवा सीगल उभा करतो. बगळ्याला कुणी मारायला आलेलं नसतं आणि त्याच्या जवळपास कुणी बगळ्यासाठी उतरत नाही. पण बगळा फार संशयी प्राणी. तो निवांत उभा आहे म्हणजे जागा सुरक्षित असणार, असा बदकांचा हिशेब. ‘वर्षात दामदुप्पट’ योजनेच्या उद्घाटनाला व्यासपीठावर निवृत्त मुख्याध्यापक बसवतात, ते याच तत्त्वावर. अमेरिकन शिकाऱ्यांनी त्या बगळ्याला ‘भरवशाचा डिकॉय’ असंच नाव दिलं आहे. मुख्याध्यापकांना अजून काही नाव नाही.

लाकडाच्या जोडीला जिवंत डिकॉयही असत. पाळलेली बदकं पायाला दोरी बांधून पाण्यात सोडायची, ती हाका मारून जातभाईंना बोलवायची. आपल्याकडे फासेपारधी पाळीव तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातले तित्तर फाशात घेत, त्याचाच हा थोरला अवतार. आपल्याकडे ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झालं. अमेरिकेत थवे ओसरू लागल्यावर १९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांची विक्री थांबवली आणि १९३५ साली जिवंत डिकॉय आणि सिंकबॉक्स दोन्हींवर बंदी आली. बदकांच्या बाजूने फितुरी बंद झाली, माणसाच्या बाजूने शवपेटी. उरलं लाकूड. मग दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक आलं आणि लाकडालाही कुणी विचारेना. कित्येक बदकं शेकोटीत गेली.

इथून पुढे या कथेत बदक जवळजवळ येत नाही.

१९३४ साली न्यूयॉर्कच्या जोएल बार्बर या वास्तुविशारदाने डिकॉयवर सबंध पुस्तक लिहिलं आणि लोकांना साक्षात्कार झाला, की अडगळीत पडलं आहे ते शिल्प आहे. बार्बरचा संग्रह व्हरमाँटच्या शेलबर्न म्युझियममध्ये गेला. १९८५ मध्ये डिकॉयची टपाल तिकिटं निघाली. आणि सस्केहानाच्या काठी ज्यांनी आजोबांची बदकं जाळून हात शेकले होते त्यांनी ते हात कपाळाला लावले.

संग्राहक नावाची जमात बदकाकडे कशी बघते हे मला मेरीलँडमध्ये भाच्याकडे राहायला गेलो होतो तेव्हा कळलं. त्याच्या शेजारच्या सद्गृहस्थांनी काचेच्या कपाटातून एक जुनं कॅनव्हासबॅक काढून माझ्या हातात दिलं. मी आपला शिष्टाचार म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चोचीकडे पाहिलं, मान डोलावली. भाच्याने कोपर मारलं. “मामा, वरून नाही बघायचं. उलटं करा.” मी बदक उलटं केलं. पोटावर गंजके खिळे, शिशाची पट्टी, दोरीची कडी, कुणाच्या तरी नावाची डागलेली अक्षरं आणि लाकडात रुतून बसलेले दोन छर्रे. सद्गृहस्थ ओणवे होऊन ते सगळं माझ्याबरोबर नव्याने पाहू लागले. वरचा भाग बदकांसाठी, खालचा जाणकारांसाठी, असा एकूण प्रकार. छर्ऱ्यांबद्दल मी विचारलं तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, कुणीतरी याला खरं समजून गोळी घातली होती. म्हणजे या बदकाला फसलेलं पहिलं गिऱ्हाईक शिकारीच होतं.

त्यांच्याकडूनच दुसरी एक गोष्ट समजली. जुन्या डिकॉयची किंमत मूळ रंगावर ठरते. आता जो शिकारी टापटिपीचा होता, तो दर वर्षी हंगामाआधी आपली बदकं खरवडून नव्याने रंगवायचा. त्याच्या नातवंडांच्या हाती आज चार पैसे लागत नाहीत. जो आळशी होता, ज्याने बदकं तशीच ओली गोणपाटात कोंबून माळ्यावर फेकली, त्याची नातवंडं लिलावघराच्या पहिल्या रांगेत बसली आहेत. मुलांना वळण लावणाऱ्या पालकांपासून ही माहिती दूर ठेवलेली बरी.

आता किंमत आली म्हणजे पाठोपाठ बनावटही आली. खोट्या बदकांची खोटी बदकं निघाली. जुनं लाकूड मिळवायचं, नव्या बदकाला भट्टीत आणि उन्हात म्हातारं करायचं, पोटावर नामांकित कारागिराचा शिक्का डागायचा. हा खरा बनावट आहे की बनावट बनावट, हे ठरवायला जाणकार येतात. बदकाचा एक्स-रे काढतात. खिळे कुठल्या काळचे, छर्रे खरोखर घुसलेले की ठोकलेले, मान कधी मोडून जोडली होती का, सगळं तपासलं जातं. मान जोडलेली निघाली की भाव कोसळतो. त्या बिचाऱ्या लाकडाने उभ्या आयुष्यात एवढी वैद्यकीय तपासणी पाहिलेली नसते, आणि ज्या माणसाने ते कोरलं त्यानेही नाही.

आजचे कारागीर तर बदकाला फसवण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. त्यांना परीक्षकाला फसवायचं असतं. १९७१ पासून मेरीलँडमध्ये लाकडी पाणपक्ष्यांची जागतिक स्पर्धा भरू लागली. लुइझियानाच्या दलदलीतलं टुपेलो लाकूड आणायचं, दंतवैद्याला शोभेल अशा फिरत्या यंत्राने तासायचं, मग तापलेल्या पेनने एकेका पिसाचा एकेक केस डागत बसायचं. महिनेच्या महिने जातात. संदर्भाला मेलेलं बदक फ्रीजरमध्ये असतं आणि आइस्क्रीम शोधणाऱ्या घरच्यांना त्याची सवय करून घ्यावी लागते. इतकं करून ते बदक स्पर्धेत पाण्याच्या टाकीत सोडतात, कारण काही झालं तरी ते बदक आहे, तरंगलं पाहिजे. परीक्षक टाकीभोवती फिरतात, वाकतात, उठतात. शेपटीच्या तिसऱ्या पिसाची कड चुकली हे त्यांना दिसतं. खऱ्या बदकाला असल्या परीक्षेला बसवलं तर ते नापास होईल अशी माझी खात्री आहे. एखादं पीस मोडलेलं असतंच.

आमच्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाचे आंबे, केळी, काजू होतात. पाहुणा शोकेसमधल्या केळ्याला हात घालतो, टक्क आवाज होतो, यजमान हसतो, विषय संपतो. आमची फसवणूक काहीशे रुपयांत उरकते. त्या केळ्याचा कुणी एक्स-रे काढल्याचं ऐकिवात नाही.

डिकॉयने पुण्यही केलं आहे, हे सांगायला हवं. मेनच्या किनाऱ्याजवळच्या ईस्टर्न एग रॉक बेटावरून पफिन पक्षी शिकारीमुळे नाहीसे झाले होते. १९७३ पासून स्टीफन क्रेस यांनी तिथे पिल्लं आणून वाढवली, पण मोठी होऊन परत येणाऱ्यांना बेट ओकंबोकं वाटे. मग खडकांवर लाकडी पफिन उभे केले. वस्ती आहे असं पाहून खरे उतरले आणि १९८१ मध्ये त्यांनी घरटी केली. याच युक्तीचा न्यूझीलंडच्या माना बेटावर मात्र थोडा अतिरेक झाला. तिथे गॅनेट पक्ष्यांना बोलवायला ८० काँक्रीटचे गॅनेट बसवले होते. पुढे एक खरा आला, नायजेल. त्याने त्यांतली एक निवडली, तिच्यासाठी घरटं बांधलं, चोचीने तिची काँक्रीटची पिसं साफ केली. तिकडून होकार नाही, नकारही नाही, त्यामुळे बोलणी पुढे चालू राहिली. २०१७ च्या अखेरीस खरोखरचे तीन गॅनेट आले तेव्हाही नायजेलने आपली जागा सोडली नाही. नव्या लोकांशी ओळख काढण्याचं वय उलटून गेलेलं असतं.

अमेरिकेतल्या वनरक्षकांनी तर हाच धडा शिकाऱ्यांवर उलटवला आहे. हंगाम नसताना, रात्री, रस्त्यावरून गाडीतूनच हरणं मारणाऱ्यांसाठी ते रस्त्याकडेला हरणाचा डिकॉय उभा करतात. आत फोम, वर खरं कातडं आणि मान-शेपटी हलवायला रिमोट. वनरक्षक झाडीत बसतात. लव्हाळ्यात पूर्वी शिकारी बसायचा तसेच. गाडी येते, थांबते, काच खाली होते, बार निघतो. हरीण पडत नाही. उलट सावकाश मान वळवून गाडीकडे बघतं. एवढ्याने बदकाला नक्की शंका आली असती. गाडीतला माणूस नेम चुकला असं समजून दुसरी गोळी भरतो.